सात तसबिरींतला एक आजोबा

एल्फास हादेबे माणूस वाईट नव्हते, पण डोक्याला ताप होते. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळं आता माघारी बोललो तरी पाप नाही. बावीस वर्षं मी आमच्या एम्थूलेनी गावापासून मारित्झबर्ग शहरापर्यंत टॅक्सी चालवली, सोळा सीटची. एवढ्या वर्षांत गाडीत चढण्याआधी दर खेपेला टायरला लाथ मारून बघणारा उतारू एकच. "झेब्लॉन, हवा कमी आहे," म्हणायचे. हवा कधीच कमी नसायची.

पस्तीस वर्षं त्यांनी रेल्वेत रूळ ठोकले. रिटायर होताना साहेबाची शिट्टी खिशात घालून घरी आणली आणि पाहुणे जास्त वेळ बसले की ती वाजवायचे. रेडिओवाल्यांना पत्रं लिहायचे, की तुमचं घड्याळ चाळीस सेकंद मागं आहे. त्यांची बायको माशोझी एकदा मला म्हणाली, "पोरा, बावन्न वर्षं झाली लग्नाला. त्यातली पस्तीस हा माणूस रुळावर होता म्हणून निभावलं बघ."

पण या माणसाच्या छातीवर एक धोंडा होता, आणि तो सगळ्या गावाला माहीत होता. त्यांचे आजोबा सोन्दाबा, गुरांची मोठी साथ आली त्या साली, पोटासाठी मारित्झबर्गला गेले ते गेलेच. कुठं मेले, कुठं पुरले, पत्ता नाही. आमच्यात माणूस बाहेर मेला की बाहेरच राहतो. घरच्या कुणीतरी बोरीची काटेरी फांदी घेऊन जायचं, त्याला हाक मारायची, फांदीवर घ्यायचं आणि घरी आणायचं. तोवर तो बिचारा उघड्यावर. हादेबेंच्या वडिलांनी मरताना हात धरून सांगितलं होतं, "माझ्या बापाला घरी आण." हादेबेंनी हो म्हटलं आणि त्याला चाळीस वर्षं होऊन गेली.

आता हादेबे एकोणऐंशीचे. दवाखान्यातल्या डॉक्टरणीनं सांगितलेलं, हृदय थकलंय, चढ चढू नका. आमचं गाव म्हणजे सगळा चढच. "मी गेलो की आणणार कोण?" ते मला म्हणायचे. "पोरं जोहान्सबर्गला. त्यांना बोरीची फांदी आणि झाडू यातला फरक कळत नाही. आणि वर गेल्यावर बाप पहिला प्रश्न हाच विचारणार." एवढं बोलून ते उतरून टायरला लाथ मारायचे.

तर त्या साली मार्चमध्ये ते माम्बाथाच्या दुकानात साखर आणायला गेले. भिंतीवर गुरांच्या गोचिडांवरच्या औषधाचं कॅलेंडर. मार्चच्या पानावर जुना फोटो, बिबट्याचं कातडं पांघरलेला, हातात ढाल-भाला घेतलेला माणूस. हादेबेंनी बघितलं आणि टोपीच काढली. दुकानातल्या सगळ्यांनी एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा हादेबेंकडं. कान तेच! आमच्या पंचक्रोशीत असले कान दुसऱ्या कुणाला नाहीत. उजवा पुढं वाकलेला, डावा मागं.

"माझे आजोबा," हादेबे म्हणाले. "सरदार होते!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून ते माम्बाथाला कॅलेंडरचं पान उलटू देईनात. "आजोबांना भिंतीकडं तोंड करून उभं करतेस?" माम्बाथा भित्री बाई. तिच्या दुकानात जुलैपर्यंत मार्चच चालू राहिला. लोक पेन्शनला भलत्याच दिवशी जायचे, एका मास्तरांनी शाळा एक आठवडा आधी उघडली आणि रिकाम्या बाकांसमोर हजेरी घेत बसले. शेवटी माम्बाथा माझ्या टॅक्सीपुढं आडवी आली. "झेब्लॉन, याला ने बाबा कुठंतरी, आजोबा भेटेपर्यंत परत आणू नकोस!"

औषध कंपनीनं सांगितलं, फोटो मारित्झबर्गच्या एका संग्रहालयातला. गावातले जाणते लोक म्हणाले, कागदावरून माणूस उचलतात का कुठं? जिथं माणूस शेवटचा दिसला तिथून उचलायचा असतो. हादेबे म्हणाले, "शेवटचा तो कॅलेंडरवर दिसला."

आमच्याकडं हिवाळा जुलैत; त्या कडाक्याच्या थंडीत आम्ही निघालो. हादेबे सुटात, मांडीवर ताज्या तोडलेल्या बोरीच्या फांदीचं गाठोडं. सोबतीला दुसरं कुणी नाही म्हणून संग्रहालयात मलाही आत जावं लागलं. तिथं पिल्ले नावाची बाई होती, हातांत पांढरे हातमोजे, बोलणं मऊ. मला वाटलं, ही आम्हाला हाकलणार. पण तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आतून एक खोकं आणलं. मग दुसरं. मग तिसरं.

"हादेबेबाबा," ती म्हणाली, "घोटाळा आहे जरा. तुमचे आजोबा एका फोटोत नाहीत. सातात आहेत."

टेबलावर तिनं सात फोटो मांडले. सातही ठिकाणी तेच कान. खाली छापील ओळ. 'झुलू सरदार, युद्धाच्या वेशात.' 'बासुटो योद्धा.' 'स्वाझी मांत्रिक.' 'पकडलेला बंडखोर.' 'नवरीचा बाप, गायींची बोलणी करताना.' 'नरभक्षक टोळीचा म्होरक्या.' आणि सातवा, 'बुटक्या वनवासी जमातीचा शिकारी.' अहो, सहा फूट माणूस! कातडं सातही फोटोंत एकच, त्याचं मुंडकं तसंच लोंबत होतं. मागं एकच रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि तळ्यात राजहंस. नरभक्षकाच्या पायात चक्क बूट होते, चांगले पॉलिश केलेले.

"हे कसं काय?" मी विचारलं.

पिल्लेबाईनं एक फोटो हलकेच उलटा केला. मागं पेन्सिलीनं काहीतरी खरडलेलं. ती वाचायला लागली, "हादेबे, धोबी. मंगळवारी कपडे घेऊन येतो, तेव्हा—"

हादेबेंना एवढा मोठा खोकला आला की पुढचं बुडालं. पण मी ऐकलं होतं. तेव्हा मारित्झबर्गला आमची माणसं गोऱ्यांचे कपडे धुवायची. हिंदुस्थानातून आलेल्या धोब्यांचं बघून डोक्याला तसंच फडकं बांधायची आणि नदीवर रांगेनं कपडे आपटायची. पैसाही बरा मिळायचा. फोटोवाल्याला सरदार हवा असला की दारात आलेल्या धोब्याला तो कातडं पांघरायला लावायचा, एवढीच भानगड.

"झेब्लॉन," हादेबे माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू बहिरा आहेस."

"आहे, बाबा."

"गावात जाईपर्यंत?"

"गावात गेल्यावरही."

मग ते पिल्लेबाईकडं वळले. "बाई, प्रत्येकाखाली जे लिहिलंय ते मला एका कागदावर उतरवून द्या. पुढचं फक्त. मागचं नको."

"कशासाठी?"

"माणसाला उचलायचं तर त्याची बिरुदं म्हणावी लागतात. आजोबांची बिरुदं घरात कुणाला येत नाहीत, ते फार तरुणपणी गेले. बरं झालं, तुम्ही लिहून ठेवलीत!"

बाईनं माझ्याकडं बघितलं. मी बहिरा होतो. ती म्हणाली, "बाबा, ही बिरुदं नाहीत हो. फोटो विकण्यासाठी कुणीतरी—"

"एखाद्याच्या तसबिरीखाली कुणी उगीच लिहितं का?" हादेबेंनी तिलाच समजावलं. आमच्यात मेलेल्या माणसाचं नाव घेतलं की त्याच्या मागं पाच-दहा बिरुदं लागतातच, त्यामुळं त्यांचं म्हणणं आमच्या हिशोबानं बरोबर होतं. तिनं निमूटपणे उतरवून दिलं.

आता अडचण ही, की आजोबा यातल्या कुठल्या फोटोत राहतात? मी म्हटलं, सरदाराला घ्या आणि चला, गाडी उभी आहे. हादेबे भडकले. "आणि ते मांत्रिकात असले तर? सरदाराची नुसती झूल घरी नेऊ आणि आजोबांना इथं खोक्यात ठेवू? परत यायला माझ्याकडं काय अजून चाळीस वर्षं आहेत?"

तर सातही घ्यायचे ठरले. पिल्लेबाई बिचारी म्हणाली, "फोटो बाहेर नेता येणार नाहीत." हादेबे म्हणाले, "फोटो ठेवा की तुमच्याकडं. मला माणूस हवाय." तिनं छापील फॉर्म उलटसुलट करून बघितला, कुठं रकाना सापडेना. शेवटी तिनं शेऱ्यात लिहिलं, 'वस्तू जागेवर आहे. आतले गृहस्थ घरी गेले.' खाली सही केली, शिक्कासुद्धा मारला.

हादेबेंनी फांदी एकेका फोटोवरून फिरवली, हलक्या आवाजात हाक मारली आणि त्या क्षणापासून त्यांचं तोंड बंद. फांदीवर माणूस घेतला की घरी पोचेपर्यंत जिवंत माणसांशी बोलायचं नाही, फक्त त्याच्याशी बोलायचं, वाट सांगत राहायची. मला वाटलं, चला, परतीचा प्रवास तरी शांततेत होईल. कसलं काय!

टॅक्सी स्टँडवर त्यांनी आठ तिकिटं घेतली. एक स्वतःचं, सात आजोबांची. आणलेल्या माणसाला सीट द्यावीच लागते, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण एकाच खेपेला सात! शुक्रवारची संध्याकाळ, रांग पार मटणाच्या टपरीपर्यंत गेलेली. कोबीची गोणी घेतलेली एक बाई पुढं आली.

"काय हो, हे सात कोण?"

"एकच आहेत," मी सांगितलं. "आजोबा."

"एकच आहेत ना? मग बसवा की एकमेकांच्या मांडीवर!"

हादेबे तिच्याशी बोलू शकत नव्हते. ते फांदीला म्हणाले, "आजोबा, एक कोबीवाली बाई तुमची जागा मागतेय. बिलकूल उठू नका. तोंडाळ दिसतेय."

"तोंडाळ कुणाला म्हणतोस रे?"

"आजोबा, आता ती ओरडतेय. शहरातल्या बायका अशाच. तुम्हाला आठवत असेलच."

बाईनं फांदीलाच झापलं. "ओ आजोबा, तुमच्या नातवाला वळण लावायचं राहिलंय, तेवढं घरी गेल्यावर बघा!" अख्खी रांग हसली. शेवटी मीच मधे पडलो. जिवंत माणसांसाठी आठ सीटा उरत होत्या, त्यात मी दहा कोंबले. म्हटलं, आजोबांना वजन नसतं. कोबी माझ्या पायाशी आला.

वाटेत मोई रिव्हर गावापाशी पोलिसांनी गाडी अडवली. कोवळा पोलीस, नवी टोपी. त्यानं टॉर्च फिरवला, रिकाम्या सीटांकडं बघितलं, मग फांदीकडं. आमच्यातलाच पोरगा होता, लगेच टोपी काढली.

"किती जण आहेत फांदीवर?"

"सात," कोबीवाली म्हणाली. मेली आगाऊ!

पोलिसानं बोटं मोजली. "जिवंत अकरा, आजोबा सात. अठरा. परमिट सोळाचं. दोन जास्त झाले, ड्रायव्हर."

"साहेब, सात तर दिसतसुद्धा नाहीत!"

"म्हणजे ते नाहीत, असं म्हणणं आहे तुझं?"

अकराच्या अकरा माना माझ्याकडं वळल्या. काय बोलणार? 'नाहीत' म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीत कुत्रं बसलं नसतं. 'आहेत' म्हटलं तर दंड.

मागून हादेबेंचा आवाज आला, एकदम नरम. "आजोबा, सरकारी अडचण आलीय. सरदारसाहेब, तुम्ही मोठ्या मनाचे, मांत्रिकाला मांडीवर घ्या. आणि बुटके शिकारी, तुम्ही नवरीच्या बापाच्या मांडीवर बसा. नरभक्षकाशेजारी नको, उगाच कशाला."

पोलिसानं पुन्हा मोजलं. आता सोळा भरले. "नीट धरून बसा म्हणावं," तो म्हणाला आणि आम्हाला सोडलं. कोबीवाली पुढचे चाळीस मैल पुटपुटत होती, "मी हेच सांगत होते, स्टँडवर हेच सांगत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी हादेबेंच्या गोठ्यात सगळं गाव जमलं. मी नाही म्हणत होतो, पण माशोझीनं निरोप धाडला, मग काय करता. गोठ्यात बकरं आणलेलं. आमच्यात आणलेल्या माणसाची बिरुदं म्हणायची, त्याला सांगायचं, बाबा, तुझं घर आलं, आणि मग बकऱ्याला भाल्याचं टोक लावायचं. बकरं ओरडलं की समजायचं, माणूस पोचला. नाही ओरडलं तर तो आलाच नाही, आणि सगळी खटपट पाण्यात. बकरं मी धरलं होतं, शिंगाला.

हादेबेंनी चष्मा लावला, कागद काढला आणि छाती फुगवून सुरू केलं. "झुलू सरदार! युद्धाच्या वेशात!" माणसं वाहवा म्हणाली. टोक लावलं. बकरं गप्प. "बासुटो योद्धा!" माणसं एकमेकांकडं बघायला लागली, आपल्या झुलूंमध्ये बासुटो कुठून आला? बकरं गप्प. "नरभक्षक टोळीचा म्होरक्या!" एक म्हातारी उठून तिच्या नातवंडांना घेऊन घरी गेली. हादेबे आवाज चढवत गेले, सातही झाली, मग पहिल्यापासून पुन्हा. बकऱ्यानं मान लांब करून कागदाचा कोपरा खाल्ला, पण आवाज काढला नाही.

लोक कुजबुजायला लागले. "सात आणले म्हणे, आणि एक पण नाही!" हादेबेंचा चेहरा मला बघवेना. कागद हातातून खाली गेला. त्या चेहऱ्यावर सरळ लिहिलेलं होतं, की आता वेळ उरला नाही, आणि आपण रिकाम्या हातानं बापासमोर उभे राहणार. मला त्या क्षणी त्या माणसाची इतकी दया आली की शिंग सोडून मीच ओरडावं असं वाटलं.

माशोझी बायकांमधून पुढं आली. "हादेबे," ती म्हणाली, "खरं आहे ते बोला."

"एवढ्या माणसांत?"

"माणसांना काय करायचंय? त्यांना ऐकू येऊ द्या."

हादेबेंनी चष्मा काढला. मग फांदीकडं बघून बोलायला लागले, बारीक आवाजात, बिरुदांच्या चालीवर नाही, आपण घरात बोलतो तसं.

"सोन्दाबा. बुंगानेच्या कुळातले. तुम्ही सरदार नव्हता, आजोबा. तुम्ही गोऱ्यांचे कपडे धुवायचा. त्यांच्या बायकांचे परकर धुवायचा. सोडा, साबण, नदीचं गार पाणी, हात सोललेले असणार तुमचे. त्या पैशातून तुम्ही घरी तीन गायी पाठवल्या, त्या गायी मुलीच्या बापाला देऊन माझ्या बापाचं लग्न झालं. आणि बापाला लाज वाटायची. मला सांगताना त्यानं दार लावून घेतलं होतं. मीही कुणाला बोललो नाही, बायकोला एकदाच बोललो. आजोबा, तुम्ही हरवला नव्हता. आम्हाला ठिकाण माहीत होतं. धोब्यांच्या घाटावर कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं, सोन्दाबा कुठं राहायचा, कुठं मेला. विचारायला कोण जाणार? कुणीच गेलं नाही. बाप गेला नाही. मीही, रेल्वेत असताना, आठवड्याला दोनदा त्या पुलावरून जायचो. खिडकीतून नदी दिसायची. मी दुसरीकडं बघायचो."

बकरं ओरडलं. असं ओरडलं की टेकडीपलीकडची कुत्री भुंकायला लागली. माझी बायको अजून म्हणते, तुझा बूट त्याच्या खुरावर होता. होता की नव्हता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

गाव एका आवाजात "बुंगाने! बुंगाने!" म्हणालं. हादेबे सुटासकट शेणात बसले आणि लहान पोरासारखे मोठ्यानं रडले. मग नाक पुसून, समोरच्या रिकाम्या जागेकडं बघून, शेजारी जमिनीवर हात थोपटला.

"या, आजोबा. बसा. आता कपडे बदलायचे नाहीत."

माशोझीनं बिअरचं मडकं आणून त्या जागेसमोर ठेवलं. एकच ठेवलं.